खंड्या आणि चिंगी : घरगल्लीतला दोन वर्षांचा शेजार

आमचे घर मुंबईत दादर पूर्वेला, हिंदू कॉलनी संपून नायगाव सुरू होते तिथल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत, तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराचे मागचे दार उघडले की तीन पायऱ्या, त्यांच्याखाली शहाबादी फरशीचे लहानसे अंगण आणि अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे घरगल्ली. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की घरगल्ली म्हणजे पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन इमारतींमधला अरुंद बोळ. सांडपाण्याचे नळ आणि सफाई यांसाठी तो मोकळा ठेवलेला असतो. माणसे तिथे सहसा पाऊल टाकत नाहीत आणि म्हणूनच मांजरांचा तो हक्काचा रस्ता असतो. या रस्त्याने येणारी एक मांजर आणि आमचा कुत्रा यांच्यात जुलै २०२२ पासून जुलै २०२४ पर्यंत जे घडले, ते इथे लिहीत आहे.

कुत्र्याचे नाव खंड्या. माझे मामा सांगोल्याजवळ शेती करतात. त्यांच्या वस्तीवरच्या कुत्रीला झालेल्या पिल्लांपैकी हा एक आणि तो पाच महिन्यांचा असताना आम्ही त्याला मुंबईला आणले. त्या भागात शेतकरी आणि मेंढपाळ कारवानी कुत्री बाळगतात. खंड्या शुद्ध कारवानी नाही, परंतु लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि चिंचोळे तोंड हे सारे त्याने तिकडून घेतले आहे. नाकापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवून पळत्या सशामागे धावावे, यासाठी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. स्थिर बसलेल्या वस्तूकडे अशा कुत्र्याचे फारसे लक्ष नसते, पण तीच वस्तू हलली की त्याच्या कानात दुसरे काही शिरत नाही. ही एक गोष्ट मी आधी नीट समजून घेतली असती, तर पुढे खंड्याच्या वाट्याला आलेले दुखणे टळले असते.

मांजर इमारतीच्या आसपास कधीपासून होती ते कोणालाच नक्की आठवत नाही. तिच्या अंगावर पांढरा, काळा आणि भगवा असे तीन रंग आहेत. असे तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. भगव्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि काळा व भगवा असे दोन्ही रंग एकाच अंगावर उमटायला दोन एक्स गुणसूत्रे लागतात, असे त्याचे कारण आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तिचे नाव चिंगी ठेवले. माझ्या सासूबाई मात्र कोकणातल्या सवयीने तिला भाटीच म्हणतात. वर्षभर तिचा मुक्काम पलीकडच्या इमारतीकडे असे, कारण सकाळी कोळीण मावशी तिथल्या फाटकाशी पाटी उतरवून मासळी साफ करून देत आणि मांदेलीची डोकी, बांगड्याची शेपटी असे काहीबाही चिंगीच्या वाट्याला येई. परंतु १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या पावसाळ्यात मावशींच्या पाटीत सुकट आणि सुके बोंबील यांपलीकडे फारसे काही नसे आणि बरेच दिवस त्या येतही नसत. चिंगीची उपासमार सुरू झाली आणि ती वास काढत आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली. हे कारण मला पुष्कळ नंतर उमगले. तेव्हा मला एवढेच दिसत होते की कालपर्यंत न येणारी मांजर आता रोज भिंतीवर येऊन बसते आणि आमच्या कुत्र्याला वेड लागल्यासारखे होते.

दाराला लोखंडी जाळीचा दुसरा दरवाजा आहे. चिंगी भिंतीवर आली की खंड्या त्या जाळीवर झेप घेई. आवाज एवढा होई की सासूबाई देवघरातून दचकून बाहेर येत. चिंगी क्षणभर थांबे, मग वळून घरगल्लीत उडी टाके आणि तिची पळती पाठ दिसली की खंड्याचा आवेश दुप्पट होई. प्रत्येक वेळी ती पळाली आणि प्रत्येक वेळी, त्याच्या समजुतीप्रमाणे, त्याने तिला पळवली. आठवडाभर हा प्रकार दिवसातून तीन-चारदा चालू राहिला आणि आपण काही न करता त्याला एक गोष्ट शिकवत आहोत, हे माझ्या ध्यानात आले नाही.

मग मी चूक केली. दोघांची ओळख करून दिली की भांडण मिटेल, अशी माझी समजूत होती. ९ जुलैला, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, मी एका ताटलीत उकडलेल्या कोंबडीचे तुकडे ठेवून चिंगीला अंगणात बोलावले आणि ती खाऊ लागल्यावर खंड्याला दोरी लावून पायऱ्यांवरून खाली आणले. दोरी मी हाताला दोन वेढे देऊन घट्ट धरली होती. आज त्या प्रसंगाचा विचार करते तेव्हा त्यातली एकेक गोष्ट उलटी होती असे दिसते. ताटली मी अंगणाच्या आतल्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ ठेवली होती, त्यामुळे चिंगीला निसटायला वाट नव्हती. दोरी ताणलेली होती, त्यामुळे खंड्याचे पुढचे पाय अर्धवट उचललेले, छाती पुढे काढलेली आणि नजर रोखलेली, म्हणजे मांजरीच्या दृष्टीने तो हल्ल्याच्या पवित्र्यात उभा होता. चिंगीने पाठीची कमान केली, कान डोक्याला चिकटवले आणि फिस्कारली. ते ऐकून मी दोरी मागे ओढायला वाकले, त्या झटक्यात खंड्या पुढे सरकला आणि चिंगीचा पंजा दोनदा फिरला. एकदा त्याच्या तोंडावर आणि एकदा माझ्या मनगटावर. मग ती त्याच्या पाठीवरून उडी मारून भिंतीपलीकडे गेली.

खंड्या ओरडला नाही. घरात आल्यावर तो उजवा डोळा मिटून बसला. डोळ्यातून पाणी गळत होते आणि पंजाने तो डोळा चोळू पाहत होता. घरात माझ्या पतींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थेंबांची बाटली होती. ते थेंब त्याच्या डोळ्यात घालावेत असे माझ्या मनात आले आणि मी बाटली हातात घेतलीही होती. सासूबाई म्हणाल्या, “अगं, माणसाचं औषध मुक्या जिवाला विचारल्याशिवाय घालू नकोस.” मी थांबले, ते किती बरे झाले हे दुसऱ्या दिवशी कळले.

सकाळी टॅक्सी करून त्याला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात नेले. १८८०च्या दशकापासून चालत आलेल्या या रुग्णालयाला आमच्या भागात सगळे बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. ट्रामगाड्या ओढणारे घोडे आणि खटाऱ्यांचे बैल रस्त्यावर असतानाच्या मुंबईचे ते नाव आहे आणि ते अजून टिकून आहे याचे मला समाधान वाटते. तिथल्या डॉक्टरांनी फ्लुओरेसीन या नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, जादा रंग धुऊन काढला आणि खोलीतला दिवा मालवून निळा प्रकाश टाकला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जिथे ओरखडा पडला होता, तिथे तो रंग शिरून हिरवा चमकत होता. रेघ लहान होती आणि वरच्या थरापुरतीच होती. मग त्यांनी तिसरी पापणी हलकेच उचलून आत नखाचा तुकडा अडकलेला नाही ना, ते पाहिले. मोतीबिंदूनंतरच्या थेंबांविषयी मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की अशा थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते, पडद्यावर जखम असताना ते घातले तर जखम भरून येण्याऐवजी खोल जाऊ शकते आणि प्रसंगी डोळाही गमवावा लागतो. माझे हातपाय गार पडले.

औषधे तशी साधी होती. दिवसातून सहा वेळा प्रतिजैविकाचे थेंब, रात्री मलम आणि वेदना कमी व्हावी म्हणून बाहुली विस्फारणारे थेंब. हे शेवटचे थेंब अश्रूंच्या नळीतून घशात उतरतात आणि कडू असतात, त्यामुळे तोंडातून फेसासारखी लाळ गळते. हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले नसते तर मी ती लाळ पाहून घाबरून पुन्हा परळ गाठले असते. गळ्यात प्लॅस्टिकचा कोन बांधला. तिसऱ्या दिवशी हिरवी रेघ निम्मी झाली होती आणि आठव्या दिवशी निळ्या प्रकाशात काहीच चमकले नाही. खंड्याला रेबीजची वार्षिक लस जानेवारीत दिलेली होती, तरीही ओरखडा अनोळखी मांजरीचा होता म्हणून त्यांनी लसीची पुन्हा मात्रा दिली.

माझ्या मनगटावरच्या ओरखड्याला मी आदल्या संध्याकाळीच वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुतले होते. पंधरा मिनिटे हा काळ नळाखाली उभे राहून मोजला की फार मोठा वाटतो, परंतु त्या धुण्याने निम्मे काम होते. तिथून पालिकेच्या रुग्णालयात जाऊन पहिला डोस घेतला. कातडी खरवडली होती पण रक्त आले नव्हते, त्यामुळे सीरमची गरज पडली नाही. लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, म्हणजे ९, १२ आणि १६ जुलैला आणि ६ ऑगस्टला घेतली. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, “मांजर तुमच्या नजरेसमोर राहील का? दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवा.” कुत्रा किंवा मांजर चावल्यानंतर दहा दिवस जिवंत आणि निरोगी राहिले, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे मानता येते. लस चालूच ठेवायची होती, पण मांजर दिसेनाशी झाली असती तर काळजी वाढली असती.

या दहा दिवसांनी सगळे बदलले. तोवर चिंगी माझ्यासाठी भिंतीवर उपटणारे संकट होती. आता ती रोज दिसायलाच हवी होती, म्हणून मी एक शाळकरी वही घेऊन तिच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहू लागले. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आहे आणि मुलांना निरीक्षणाच्या नोंदी करायला सांगितल्या आहेत, परंतु स्वतः इतक्या निष्ठेने कधी केल्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी कळले की ती मनाला येईल तेव्हा येत नाही. सकाळी पावणेसातच्या सुमारास ती घरगल्लीतून पलीकडच्या फाटकाकडे जाई, मावशी नाहीत असे पाहून परत फिरे आणि आमच्या भिंतीवर येई. दुपारी बारा ते चार ती दिसतच नसे. पाचव्या दिवशी शोध लागला की त्या वेळी ती सांडपाण्याच्या नळावरून चढून पहिल्या मजल्याच्या छज्जावर, आजींच्या खिडकीखाली, पावसापासून आडोशाला झोपलेली असते. संध्याकाळी सहाला पुन्हा भिंतीवर. रात्री साडेनऊनंतर इमारतीच्या पुढच्या बाजूला, वॉचमनच्या खुर्चीखाली.

आणि मग मी त्याच वहीत खंड्याच्या वेळा लिहिल्या. सकाळी पावणेसातला आम्ही त्याला मागच्या अंगणात सोडत होतो. संध्याकाळी सहाला तो फिरून येऊन जाळीशी पाणी प्यायला बसत होता. म्हणजे दिवसातून दोनदा आम्हीच त्याला नेमके तिच्या वाटेवर नेऊन उभे करत होतो. कोन गळ्यात असल्यामुळे त्या दिवसांत त्याचे अंगणात जाणे बंद होते आणि दहा दिवसांत एकही चकमक झाली नाही. विसाव्या तारखेला चिंगी धडधाकट होती, भिंतीवर बसून पंजा चाटत होती आणि माझ्या मनात आले की ओळख करून देण्याआधी मला त्यांच्या वाटा वेगळ्या करायला हव्या होत्या.

पहिला बदल वेळेचा केला. खंड्याला सकाळी सहालाच फाइव्ह गार्डन्सकडे फिरवून आणायचे आणि साडेसहा ते साडेसात पुढच्या खोलीत ठेवायचे. दुसरा बदल जागेचा. आमच्याकडे येणाऱ्या सुताराकडून अंगणाच्या भिंतीलगत, जमिनीपासून साडेपाच फुटांवर, दीड हात लांबीची एक फळी बसवून घेतली. तिथून एका उडीत छज्जावर जाता येते. मांजरीला वर जायची वाट खुली दिसली की ती पळत नाही, बसून राहते आणि बसून राहिलेली मांजर खंड्याला तितकी खेचत नाही. ताटली मी आता फळीवर ठेवू लागले. दूध ठेवणे मात्र सोडून दिले, कारण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही. चिंगीला आमच्या आधीच्या दुधाने ढाळ लागत होते, ते मी पाहिले होते.

वासाची कल्पना सासूबाईंची. चिंगी ज्या गोणपाटाच्या तुकड्यावर फळीवर झोपू लागली होती, तो तुकडा त्यांनी एके दुपारी उचलून आत आणला आणि खंड्यापासून चार हातांवर टाकला. तो तत्काळ उठून भुंकेल असे मला वाटले होते. त्याने नाक खाली घालून तो तुकडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वास घेत तपासला. घड्याळात सहा मिनिटे झाली. मग तो शिंकला आणि आपल्या जागी जाऊन आडवा झाला. डोळ्यांना न दिसलेली मांजर त्याच्या नाकाने शांतपणे ओळखून घेतली होती. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी आम्ही ते गोणपाट आत आणत असू आणि त्याच्या अंथरुणाचा एक तुकडा फळीवर ठेवत असू. पहिल्या वेळी चिंगी फळीवर चढलीच नाही. चौथ्या वेळी ती त्याच्यावर बसली.

ऑगस्टच्या मध्यावर, नारळी पौर्णिमा होऊन मावशी पुन्हा ताजी मासळी घेऊन येऊ लागल्या, तेव्हा मी दोरीचा सराव सुरू केला. पोट भरलेली मांजर थोडी सैल असते, हेही वेळ निवडण्यामागचे एक कारण होते. परळच्या डॉक्टरांनी एक साधी कसोटी सांगितली होती : मांजर दिसत असताना कुत्रा तुमच्या हातून खाऊ घेतो का ते पाहा. घेत असेल तर तुम्ही पुरेसे दूर आहात, नाकारत असेल तर मागे या. पहिल्या दिवशी अंगणाच्या पायऱ्यांवर, म्हणजे फळीपासून बारा फुटांवर, खंड्याने उकडलेल्या काळजाचा तुकडाही नाकारला. मग आम्ही दाराच्या आत, स्वयंपाकघराच्या पलीकडच्या टोकाला, वीस फुटांवर गेलो. तिथे त्याने तुकडा घेतला. दोरी सैल, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा आणि माझ्या हातात वाटी. तो चिंगीकडे पाही, मी काही बोलत नसे. त्याची नजर तिच्यावरून सुटून माझ्याकडे वळली की त्याच क्षणी “शाबास” आणि तुकडा. रोज पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही.

या सरावात मी स्वतः जे शिकले ते म्हणजे झेपेच्या आधीचे दोन क्षण ओळखणे. खंड्या भुंकत असतो तेव्हा तो तितका धोक्याचा नसतो. त्याचे उघडे तोंड एकदम मिटते, धापणे थांबते, कान पुढे येतात, शेपटी ताठ होते आणि एक पुढचा पाय जमिनीवरून किंचित उचलला जातो, तेव्हा दोरीची वेळ येऊन ठेपलेली असते. त्या क्षणी त्याला ओढले तर ओढण्यानेच झेप सुरू होते, ९ जुलैला तेच झाले होते. त्याऐवजी मी त्याच्या आणि मांजरीच्या मधून चालत जाऊन त्याला अर्धवर्तुळात वळवू लागले. नजरेची रेषा तुटली की अंग सैल पडते.

दोघांच्या शेपट्यांची भाषाही एकमेकांच्या उलटी आहे. मांजर शेपटी उभी करून आली तर तो तिचा स्नेहाचा पवित्रा असतो, तर कुत्र्याची ताठ उभी शेपटी बहुधा ताण दाखवते. कुत्रा शेपटी हलवतो तेव्हा बऱ्याचदा आनंदात असतो, मांजर शेपटी आपटते तेव्हा चिडलेली असते. सप्टेंबरात एकदा खंड्याने पुढचे पाय लांब करून, मागचा भाग वर उचलून चिंगीला खेळायचे आमंत्रण दिले. कोणत्याही कुत्र्याला ते कळले असते. चिंगीने त्यात दबा धरून बसलेले जनावर पाहिले आणि ती छज्जावर निघून गेली. तो बराच वेळ वर पाहत राहिला. त्या दिवशी मला त्याची फार दया आली.

अंतर कमी व्हायला महिने लागले. ऑक्टोबरअखेर बारा फूट, डिसेंबरात आठ. मध्ये दिवाळीच्या फटाक्यांनी दोघेही इतके बिथरले की आम्हाला दोन आठवडे मागे जावे लागले. एकदा दोरी माझ्या हातून सुटून खंड्या थेट भिंतीपर्यंत धावला, पण चिंगी फळीवर होती, ती पळाली नाही आणि तो खाली उभा राहून, काय करावे ते न सुचल्यासारखा, माझ्याकडे वळला. वाटीतले सगळे तुकडे मी त्याला एकदम देऊन टाकले.

फेब्रुवारीत चिंगीचे पोट दिसू लागले आणि मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात तिने जिन्याखालच्या अडगळीत तीन पिल्ले घातली. आमची सहा महिन्यांची मेहनत त्या दिवशी थांबली, आणि ती थांबणेच योग्य होते. खंड्या पंधरा फुटांवरून शांतपणे जात असतानाही ती त्याच्या अंगावर धावून आली. पिल्ले असलेल्या भाटीला फळी, वेळ, वास यांपैकी काहीच पुरेसे नसते. आम्ही मागचे दार सात आठवडे बंद ठेवले. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. चिंगीने तीन घरे फिरवली : जिना, मीटरची खोली आणि शेवटी आमच्याच अंगणातली पाण्याच्या टाकीमागची सांद. मानेच्या कातडीला धरून एकेक पिल्लू नेताना तिचे लक्ष सारखे आमच्या जाळीकडे असे. एक पिल्लू दुसऱ्या आठवड्यात गेले. उरलेल्या दोघांचा बारीक आवाज ऐकत खंड्या बंद दाराशी फटीला नाक लावून पडून राही. तो शिकारीचा आवेश नव्हता एवढे मी त्याच्या उघड्या तोंडावरून आणि सैल शेपटीवरून सांगू शकते. त्याहून जास्त काही सांगण्याचा अधिकार मला नाही.

पिल्ले आठ आठवड्यांची झाल्यावर एक आजींच्या ठाण्याच्या बहिणीकडे आणि दुसरे आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंकडे गेले. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की तिला गर्भ राहू शकतो आणि नऊ आठवड्यांत पिल्ले होतात. चिंगीवर पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून मे महिन्यात एका प्राणिसेवी संस्थेच्या मदतीने तिची नसबंदी करून घेतली. पिंजरा आणला, त्यात सुके बोंबील ठेवले, तीन रात्री ती त्याच्याभोवती फिरून गेली आणि चौथ्या रात्री आत शिरली. दार पडले तेव्हा ती ज्या स्वरात ओरडली, तो ऐकून खंड्या पलंगाखाली गेला. इमारतीतल्या काही रहिवाशांचा आग्रह होता की तिला दूर कुठेतरी सोडून द्यावे. मी सभेत उभी राहून सांगितले की जिथून पकडले तिथेच तिला परत आणायचे असते, कारण रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे मांजर येते आणि अनोळखी भागात सोडलेली मांजर बहुधा तगत नाही. आजींनी मला साथ दिली आणि विषय मिटला.

पाच दिवसांनी चिंगी परत आली तेव्हा तिच्या डाव्या कानाचे टोक सरळ कापलेले होते. नसबंदी झालेली मांजर पुन्हा पकडली जाऊ नये म्हणून ही खूण करतात. मला वाटले होते की आता सारे सोपे होईल. पण खंड्या तिला पाहून गुरगुरला. रंग, चाल, फळीवरची जागा, सगळे तेच होते आणि तरीही तो गुरगुरत होता. सासूबाईंनी पुन्हा गोणपाट आणले. नव्या गोणपाटाला दवाखान्याच्या औषधांचा उग्र वास येत होता. त्याच्या दृष्टीने ही दुसरीच मांजर होती. आम्ही फळीवरचे जुने, न धुतलेले गोणपाट तिथेच राहू दिले, ती त्यावर चार-पाच दिवस लोळली, झोपली आणि आठवड्याच्या शेवटी ते आत आणले तेव्हा खंड्याने त्याचा वास घेतला, शिंकला आणि आडवा झाला.

त्यानंतरच्या वर्षात लिहिण्यासारखे फार घडले नाही. दार पुन्हा उघडले. आठाचे सहा फूट झाले, सहाचे चार. दोरी आधी हातात, मग जमिनीवर लोळती आणि जानेवारी २०२४ पासून नाहीच. दोघे कधी एकमेकांना चिकटून झोपले नाहीत, कधी एका ताटात जेवले नाहीत आणि मीही त्यासाठी काही केले नाही. चिंगी कधी वेगाने धावली तर खंड्याचे तोंड अजून मिटते. म्हणून मी घरात नसताना मागचे दार बंदच असते.

८ जुलै २०२४ ची पहाट मात्र लिहायला हवी. त्या रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि लोकलगाड्या थांबल्या. पहाटे चारच्या सुमारास मी उठून मागचे दार उघडले तेव्हा घरगल्लीचे पाणी भिंतीवरून अंगणात उतरून दुसऱ्या पायरीला लागले होते. फळीवर तिरप्या पावसाचा मारा होता, छज्जावरूनही पाणी धो धो वाहत होते आणि चिंगी वरच्या पायरीवर, जाळीला अंग लावून बसली होती. मी जाळी उघडली. खंड्या माझ्या मागे उभा होता. त्याच्या गळ्यात काही नव्हते आणि माझ्या हातातही काही नव्हते.

ती आत आली, धावली नाही, भिंतीच्या कडेकडेने चालत गेली आणि पिठाच्या डब्यावर चढून बसली. खंड्याने तिच्याकडे पाहिले. मी त्याचे तोंड पाहत होते, ते उघडे होते. मग त्याने मान फिरवली, तिच्याकडे पाठ करून दोन फेऱ्या घेतल्या आणि ओट्याखाली आपल्या पोत्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. चिंगी अंग चाटू लागली. मी दिवा न मालवता स्टुलावर बसून राहिले आणि सासूबाई उठून आल्या त्यांनी काही न बोलता चहाचे आधण ठेवले.

सातनंतर पाणी ओसरू लागले. पावणेसाताची वेळ टळून गेली होती आणि बंदीचे दिवस असल्यामुळे फाटकाशी मावशी येणार नव्हत्याच, तरी चिंगी डब्यावरून उतरली, जाळीशी जाऊन उभी राहिली आणि मी दार उघडताच ओल्या पायऱ्या उतरून भिंतीवर चढून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर खंड्या उठला. त्याने पिठाच्या डब्याच्या झाकणाचा कडेपासून कडेपर्यंत वास घेतला, शिंकला आणि आपल्या वाटीपाशी येऊन माझी वाट पाहत बसला.